मूडल ४.० ची पुनर्रचना : मुक्तस्रोत अध्ययनमंचाची एक चिकित्सा

गोषवारा

विद्यापीठीय अध्यापनासाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या मूडल या मुक्तस्रोत अध्ययनमंचाची ४.० ही आवृत्ती १९ एप्रिल २०२२ रोजी प्रसिद्ध झाली. या आवृत्तीने मंचाच्या दर्शनी रचनेत मूलगामी बदल केले. प्रस्तुत लेखात या पुनर्रचनेचे स्वरूप, गुण व मर्यादा यांची चिकित्सा केली आहे. वापरातील सुलभता या निकषावर ही पुनर्रचना बहुतांशी यशस्वी ठरते. तथापि विद्यार्थी हा ज्ञानाचा सहनिर्माता आहे, या मूडलच्या मूळ भूमिकेला नव्या मांडणीत दुय्यम स्थान मिळाले आहे, असे प्रतिपादन येथे केले आहे. मुक्तस्रोत आज्ञावलीने दिलेले बदलाचे स्वातंत्र्य सर्व शिक्षणसंस्थांना सारखेच उपलब्ध असते काय, या प्रश्नाचाही विचार केला आहे.

बीजसंज्ञा : मूडल, मुक्तस्रोत आज्ञावली, अध्ययन व्यवस्थापन प्रणाली, ज्ञानरचनावाद, उच्च शिक्षण.

१. प्रस्तावना

अध्ययन व्यवस्थापन प्रणालीचा वापर आपल्या महाविद्यालयांना आता नवा राहिलेला नाही. २०२० च्या टाळेबंदीत अनेक संस्थांना अशी एखादी प्रणाली घाईघाईने स्वीकारावी लागली. तथापि या प्रणालींविषयी आपल्याकडे जे लेखन होते, ते प्रामुख्याने 'कसे वापरावे' या स्वरूपाचे असते. पाठ्यपुस्तकाचे परीक्षण करताना आपण आशयाबरोबरच प्रकरणांचा क्रम, स्वाध्यायांची जागा, चित्रांचे प्रयोजन यांचाही विचार करतो. अध्ययनमंचाची मांडणी मात्र तंत्रज्ञांची बाब समजून सोडून देतो.

वस्तुतः मंचाची मांडणी ही एक शैक्षणिक भूमिका असते. पडद्यावर प्रथम काय दिसावे, कोणती गोष्ट एका टिचकीच्या अंतरावर असावी आणि कोणती आत दडलेली असावी, हे ठरवणारी व्यक्ती अध्यापनाविषयीही काही ठरवत असते. या दृष्टीने मूडल ४.० ची पुनर्रचना हा अभ्यासाचा महत्त्वाचा विषय आहे. कारण मूडल हा आपली शैक्षणिक भूमिका आरंभापासून उघडपणे मांडणारा मंच आहे. त्यामुळे त्याची परीक्षा त्याच्याच निकषांवर करता येते.

२. मूडलची वैचारिक पार्श्वभूमी

मूडलचे जनक मार्टिन डुजियामास हे पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या दुर्गम भागात वाढले. तेथील विखुरलेल्या वस्त्यांतील मुलांसाठी रेडिओवरून शाळा चालत असे व त्यांचे प्रारंभिक शिक्षण त्या मार्गाने झाले. पुढे पर्थ येथील कर्टिन विद्यापीठात वेबसीटी या व्यापारी प्रणालीची व्यवस्था पाहताना त्यांना तिच्या मर्यादा जाणवल्या. त्यातून, आणि त्यांच्या शिक्षणशास्त्रीय संशोधनातून, मूडलची निर्मिती झाली. २० ऑगस्ट २००२ रोजी त्याची १.० ही आवृत्ती प्रसिद्ध झाली. तिचा परवाना जीपीएल हा होता. म्हणजे कोणीही ती विनामूल्य घ्यावी, तपासावी, बदलावी आणि इतरांना द्यावी. वेबसीटी पुढे २००६ मध्ये ब्लॅकबोर्ड या प्रतिस्पर्धी कंपनीत विलीन झाली. एका कंपनीच्या प्रणालीवर विसंबलेल्या विद्यापीठांना या घटनेने मुक्तस्रोताचे महत्त्व पटवून दिले.

मूडलने स्वीकारलेली भूमिका सामाजिक निर्मितिवादाची आहे. राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा २००५ पासून 'ज्ञानरचनावाद' ही संज्ञा मराठी शिक्षकांच्या परिचयाची झाली. शिकणारा आपले ज्ञान स्वतः रचतो, हे तिचे सूत्र होय. सेमूर पॅपर्ट यांनी मांडलेला निर्मितिवाद याच्या एक पाऊल पुढे जातो. इतरांना दाखवण्यासाठी आपण काहीतरी प्रत्यक्ष तयार करतो, तेव्हा ज्ञानाची ही रचना विशेष सकस होते, असे तो सांगतो. मूडलने यास समूहाची जोड दिली. प्रत्येक जण विद्यार्थ्याइतकाच संभाव्य शिक्षकही असतो, सहाध्यायींचे काम पाहूनही पुष्कळ शिकता येते आणि अध्ययनाचे वातावरण त्यात वावरणाऱ्यांच्या गरजेप्रमाणे बदलता आले पाहिजे, अशी तत्त्वे मूडलच्या अधिकृत दस्तऐवजात नमूद आहेत.

ही तत्त्वे केवळ कागदावर राहिली नाहीत. मूडलमधील 'शब्दसंग्रह' या घटकात विद्यार्थी स्वतः संज्ञांच्या नोंदी लिहितात आणि आवश्यक ती सोय सुरू केली असता ती संज्ञा अभ्यासक्रमात जेथे येईल तेथे त्या नोंदीचा दुवा आपोआप तयार होतो. 'कार्यशाळा' या घटकात विद्यार्थी परस्परांच्या लेखनाचे मूल्यमापन करतात. विकी व माहितीसंग्रह हे घटक सामूहिक लेखनासाठी आहेत. २००६ च्या अखेरीस आलेल्या १.७ या आवृत्तीने भूमिका व अधिकार यांची व्यवस्था आणली. तिच्या साहाय्याने एखाद्या चर्चेचे संचालन किंवा नोंदींना मान्यता देण्याचे काम शिक्षक विद्यार्थ्याकडे सोपवू शकतो. 'विद्यार्थी हाही शिक्षक' या तत्त्वाला येथे तांत्रिक आधार मिळाला.

३. पुनर्रचनेचे स्वरूप

मूडलची नवी आवृत्ती सामान्यतः दर सहा महिन्यांनी येते. ३.११ ही आवृत्ती मे २०२१ मध्ये आली, ४.० ला मात्र त्यानंतर सुमारे ११ महिने लागले. या काळात मूडलच्या मुख्यालयाने प्राथमिक नमुने वापरकर्त्यांसमोर ठेवून चाचण्या घेतल्या.

जुन्या रचनेविषयीची प्रमुख तक्रार अशी होती की, तीत आपण कोठे आहोत हेच कळत नाही. अभ्यासक्रमाचे पान लांबच लांब होत जाई. दोन्ही बाजूंना चौकटींची गर्दी होई. दंतचक्राच्या चिन्हामागे दडलेल्या यादीतून हवे ते शोधावे लागे. ४.० ने या प्रश्नाचे उत्तर तीन स्तरांवर दिले. पहिला स्तर सर्वांत वरच्या पट्टीचा : डॅशबोर्ड, 'माझे अभ्यासक्रम' इत्यादी. दुसरा स्तर त्याखालील उपपट्टीचा : अभ्यासक्रम, सहभागी, गुण, अहवाल आणि उरलेल्या बाबींसाठी 'आणखी'. तिसरा स्तर डाव्या बाजूच्या, उघडझाप करता येणाऱ्या अनुक्रमणिकेचा. तीत अभ्यासक्रमातील सर्व विभाग व त्यांतील घटक क्रमाने दिसतात, आणि विद्यार्थ्याने कोणता घटक पूर्ण केला हे प्रत्येक घटकाशेजारच्या लहान वर्तुळावरून कळते. चौकटी उजव्या बाजूच्या कप्प्यात गेल्या. घटकांच्या चिन्हांना त्यांच्या प्रयोजनानुसार रंग देण्यात आले : मूल्यमापनाचा एक, सहकार्याचा दुसरा, आशयाचा तिसरा.

४. पुनर्रचनेचे गुण

या बदलांचे गुण मान्य केलेच पाहिजेत. पंधरा आठवड्यांच्या अभ्यासक्रमात अकराव्या आठवड्यातील स्वाध्याय शोधण्यासाठी संपूर्ण पान खाली सरकवावे लागणे, ही विद्यार्थ्याच्या वेळेची व लक्षाची हानी होती. अनुक्रमणिकेने ती थांबवली. शिक्षकालाही घटकांची जागा बदलणे सोपे झाले. संपादनाची कळ प्रत्येक पानावर एकाच ठिकाणी आली. ज्यांना जुनी मांडणीच सोयीची वाटते त्यांच्यासाठी 'क्लासिक' ही थीम कायम ठेवली गेली. जुन्या वापरकर्त्यांविषयीचे हे सौजन्य व्यापारी प्रणालींत क्वचित आढळते.

या पुनर्रचनेतील संयमही उल्लेखनीय आहे. त्याचे मोल कळण्यासाठी साकाई या दुसऱ्या मुक्तस्रोत प्रकल्पाशी तुलना उपयुक्त ठरेल. मिशिगन, इंडियाना, एमआयटी, स्टॅनफर्ड या अमेरिकी विद्यापीठांनी एकत्र येऊन साकाई उभारला. पुढे 'साकाई ३' या नावाने त्याची संपूर्ण नव्याने बांधणी करण्याचे ठरले. अभ्यासक्रम हा केंद्रबिंदू न मानता व्यक्ती, गट आणि त्यांची निर्मिती यांभोवती मंच रचावा, अशी ती कल्पना होती. वैचारिक दृष्ट्या ती मूडल ४.० पेक्षा कितीतरी धाडसी होती. परंतु काम लांबत गेले आणि २०१२ मध्ये मिशिगन व इंडियाना या दोन प्रमुख भागीदारांनी त्यातून अंग काढून घेतले. जुना साकाई टिकला; त्याची जागा घेण्यासाठी कल्पिलेला नवा मंच ती घेऊ शकला नाही. मूडलने आतली यंत्रणा कायम ठेवून दर्शनी रचना बदलली, आणि म्हणूनच तिचा प्रत्यक्षात स्वीकार झाला.

५. अनुक्रमणिकेचे शिक्षणशास्त्र

मुख्य आक्षेप येथून सुरू होतो. अनुक्रमणिका हे ग्रंथाचे अंग आहे. कोणीतरी लिहून पूर्ण केलेली वस्तू वाचकाने कोणत्या क्रमाने वाचावी, हे ती सांगते. अभ्यासक्रमाचे प्रमुख दर्शन जेव्हा अनुक्रमणिकेच्या रूपात घडते, तेव्हा अभ्यासक्रम ही आधीच पूर्ण झालेली वस्तू ठरते व विद्यार्थी तिचा वाचक ठरतो. त्या वस्तूत विद्यार्थ्याने काही भर घातली तरी अनुक्रमणिकेला त्याची दखल नसते. चाळीस विद्यार्थ्यांनी मिळून दोनशे संज्ञांचा शब्दसंग्रह तयार केला, तरी अनुक्रमणिकेत तो एका ओळीचाच राहतो. आणि एका पानाची पीडीएफही एकाच ओळीची असते.

घटकांशेजारच्या वर्तुळांचा प्रश्न याहून गंभीर आहे. कार्यपूर्तीच्या नोंदीची सोय मूडलमध्ये २०१० च्या २.० या आवृत्तीपासून आहे. ३.११ मध्ये पूर्ततेच्या अटी विद्यार्थ्याला घटकासोबतच दिसू लागल्या आणि ४.० ने त्यांची खूण अनुक्रमणिकेत आणली. पान उघडले, उत्तर सादर केले, गुण मिळाले, चर्चामंचावर ठरावीक संख्येने प्रतिसाद लिहिले, अशा अटींवर वर्तुळ भरते. चर्चामंचावरील तीन प्रतिसाद मोजता येतात. त्यांपैकी एखाद्या प्रतिसादाने सहाध्यायीचा गैरसमज दूर केला की नाही, हे मोजता येत नाही. मोजता येते ते सतत डोळ्यांसमोर राहते आणि न मोजता येणारे नजरेआड होते. सर्व वर्तुळे भरणे म्हणजेच अभ्यास पूर्ण होणे, अशी समजूत विद्यार्थ्यात रुजण्यास ही मांडणी अनुकूल आहे. परीक्षाकेंद्री शिक्षणाचा वारसा असलेल्या आपल्यासारख्या समाजात हा धोका अधिकच संभवतो.

रंगांच्या वर्गीकरणातही हीच दृष्टी दिसते. ४.० मध्ये 'कार्यशाळा' हा घटक प्रश्नमंजूषा व स्वाध्याय यांच्याबरोबर मूल्यमापनाच्या रंगात गेला. चर्चामंच, विकी व शब्दसंग्रह सहकार्याच्या रंगात गेले. कार्यशाळेचे वैशिष्ट्यच असे की, तीत विद्यार्थी दुसऱ्याचे लेखन वाचून त्यावर साधार मत देण्यास शिकतो. मूल्यमापन आणि सहकार्य यांची तेथे फारकत होऊच शकत नाही. रंग एकच निवडायचा असल्याने एका बाजूची निवड झाली, आणि ती गुणांच्या बाजूने झाली.

तिसरी बाब अधिकारवाटपाची. चर्चेचे संचालन विद्यार्थ्याकडे सोपवण्यासाठी शिक्षकाला ज्या पानावर जावे लागते, ते आता त्या घटकाच्या उपपट्टीतील 'आणखी' या यादीत आहे. पूर्वीही ते सहज सापडत नव्हतेच, हे खरे. परंतु काय पुढे आणावे याचा मुळापासून विचार करण्याची संधी ४.० मध्ये होती. त्या संधीत 'गुण' व 'अहवाल' यांना कायमची जागा मिळाली, आणि मूडलच्या तत्त्वज्ञानाचे प्रत्यक्ष साधन असलेली ही सोय यादीतच राहिली.

यावर असा युक्तिवाद होऊ शकतो की, बहुसंख्य विद्यापीठे मूडलचा उपयोग टिपणे ठेवण्यासाठी व स्वाध्याय गोळा करण्यासाठीच करतात. रचनाकारांनी वास्तव वापराला न्याय दिला, यात गैर काय? हा युक्तिवाद दुर्लक्षणीय नाही. पण तोच या पुनर्रचनेच्या पद्धतीची मर्यादा दाखवून देतो. लोक जे करतात ते अधिक सुकर व्हावे, या हेतूने घेतलेल्या चाचण्यांतून चालत आलेल्या सवयीच पक्क्या होतात. जे शिक्षक मंचाचा वापर गोदामासारखा करत होते त्यांना अधिक नीटनेटके गोदाम मिळाले. ते असे का करत होते, हा प्रश्न चाचणीच्या कक्षेबाहेर राहिला. ओपन एडएक्स या २०१३ मध्ये मुक्तस्रोत झालेल्या मंचाची मांडणी मुळातच व्याख्याने व प्रश्नांच्या क्रमबद्ध रूपरेषेची आहे. हजारोंच्या संख्येने शिकणाऱ्यांसाठी ती योग्यही ठरते. आयआयटी मुंबईच्या आयआयटीबॉम्बेएक्सने त्याच हेतूने तो मंच स्वीकारला. मूडलचे वेगळेपण वर्गातील लहान समूहासाठी होते. ४.० ने हे अंतर कमी केले, आणि ऑक्टोबर २०२४ च्या ४.५ या आवृत्तीने विभागांत उपविभागांची सोय देऊन अनुक्रमणिका आणखी खोल केली. त्याच आवृत्तीत कृत्रिम बुद्धिमत्तेकडून पानाचा सारांश मिळवण्याची सोयही आली. प्रत्येक सोय स्वतंत्रपणे उपयुक्त आहे. सर्वांची एकत्रित दिशा मात्र आशय लवकर उरकण्याकडे आहे.

६. मुक्तस्रोताचे स्वातंत्र्य कोणाचे?

मुक्तस्रोत मंचाच्या बाबतीत या टीकेला एक तयार उत्तर असते : रचना पटत नसेल, तर बदला, आज्ञावली खुली आहे. ब्रिटनच्या मुक्त विद्यापीठाने नेमके हेच केले. २००५ मध्ये मूडल स्वीकारल्यानंतर या विद्यापीठाने स्वतःचे तंत्रज्ञ नेमले, स्वतःचा चर्चामंच व विकी तयार करून इतरांना उपलब्ध करून दिले, आणि कार्यपूर्तीची नोंद व प्रश्नमंजूषेची नवी यंत्रणा यांसारखी मोठी कामे मूळ मूडलला दिली. एका विद्यापीठाच्या गरजेतून झालेले काम जगाच्या उपयोगी पडावे, हे मुक्तस्रोताचे सर्वांत सुंदर रूप होय.

त्याच वेळी हेही लक्षात घ्यावे लागते की, मूडलमध्ये कार्यपूर्तीला मिळालेले महत्त्व हे काही अंशी त्या विद्यापीठाच्या गरजेचे प्रतिबिंब आहे. दूरस्थ विद्यार्थी मागे पडू नये म्हणून त्याची प्रगती पाहणे तेथे अत्यावश्यक असते. ज्याच्याकडे तंत्रज्ञ आहेत, त्याच्या गरजा मंचात उतरतात. २०१५ मध्ये वापरकर्त्यांची एक संघटना स्थापन होऊन वर्गणीदार सभासदांना विकासाचे विषय सुचवण्याचा व त्यांवर मत देण्याचा मार्ग खुला झाला. परंतु वर्गणी हीच त्याची पहिली पायरी होती. तालुक्याच्या ठिकाणच्या संलग्न महाविद्यालयात संगणक विभागातील एखादा प्राध्यापक आपले अध्यापन सांभाळून मूडलचा सर्व्हर चालवतो. आज्ञावली बदलण्याचा कायदेशीर अधिकार त्याला ब्रिटनच्या विद्यापीठाइतकाच आहे. तो वापरण्यासाठी लागणारा वेळ, मनुष्यबळ व निधी मात्र नाही. अशा महाविद्यालयासाठी मूळ मांडणी हीच अंतिम मांडणी असते. म्हणूनच मूळ मांडणी ठरवणाऱ्यांची जबाबदारी मोठी आहे.

७. मराठी महाविद्यालयाच्या दृष्टीने

दोन मुद्दे आपल्या दृष्टीने विशेष महत्त्वाचे आहेत. पहिला भाषेचा. मूडलचे भाषासंच प्रामुख्याने स्वयंसेवक तयार करतात. त्यात मराठीचाही भाषासंच आहे. ज्या वाक्यांशाचे भाषांतर झालेले नसते, तो पडद्यावर इंग्रजीत दिसतो. प्रत्येक पुनर्रचना नवे वाक्यांश आणते. त्यांची भर पडताच कालपर्यंत पूर्ण असलेले भाषांतर अपूर्ण होते. परिणामी मराठी पडद्यावर नेमक्या नव्या व ठळक जागीच इंग्रजी शब्द उमटण्याची शक्यता असते. मोठ्या भाषांमागे संस्था उभ्या असतात. आपल्या भाषेमागे बहुधा दोनचार उत्साही व्यक्ती असतात.

दुसरा मुद्दा भ्रमणध्वनीचा. आपले बहुसंख्य विद्यार्थी मंच पाहतात तो भ्रमणध्वनीच्या पडद्यावर. ब्राउझरमधून पाहताना तेथे अनुक्रमणिका मिटलेली असते व पडद्याच्या कडेचे चिन्ह दाबून ती उघडावी लागते. रुंदी कमी होत जाईल तशा उपपट्टीतील बाबी 'आणखी'त जातात. पुनर्रचनेचा जो सर्वांत मोठा गुण, म्हणजे आपण कोठे आहोत याचे सतत भान, तो रुंद पडद्यासमोर बसलेल्याला अधिक मिळतो.

यावर काही उपाय आज्ञावलीस हात न लावताही शक्य आहेत. प्रत्येक अभ्यासक्रमाच्या पहिल्या विभागात विद्यार्थ्यांनी लिहावयाचा मराठी शब्दसंग्रह ठेवून त्याचे आपोआप दुवे सुरू करावेत. सत्रात किमान एक लेखन कार्यशाळा या घटकातून परस्परपरीक्षणासाठी द्यावे. चर्चामंचाचे संचालन आळीपाळीने विद्यार्थ्यांकडे सोपवावे. कार्यपूर्तीची वर्तुळे जेथे खरोखर आवश्यक तेथेच ठेवावीत. ती बंद करण्याचा अधिकार शिक्षकाला आहे. मराठी भाषासंचाचे काम एखाद्या विद्यापीठाच्या भाषा विभागाने व संगणक विभागाने मिळून नियमित उपक्रम म्हणून स्वीकारावे. मूल्यांकनाच्या अहवालात 'प्रणाली वापरली जाते' एवढी नोंद करून थांबण्यापेक्षा विद्यार्थ्यांनी त्या प्रणालीत काय निर्माण केले, याची नोंद करणे अधिक अर्थपूर्ण ठरेल.

८. समारोप

मूडल ४.० ने मंच स्वच्छ, सुबोध व समकालीन केला, आणि तोही चालू यंत्रणा न मोडता. या यशाचे मोल साकाईच्या अनुभवावरून लक्षात येते. परंतु अध्ययनमंचाच्या पुनर्रचनेचा निकष केवळ 'हवे ते लवकर सापडते काय' हा असू शकत नाही. ग्रंथालयाला आणि दुकानालाही तो निकष लागू पडतो. विद्यापीठाच्या मंचाला आणखी एक प्रश्न विचारावा लागतो : सत्राच्या अखेरीस या मंचावर असे काय आहे, जे सत्राच्या आरंभी नव्हते आणि जे विद्यार्थ्यांनी निर्माण केले? शब्दसंग्रह, विकी व कार्यशाळा या घटकांच्या रूपाने या प्रश्नाचे उत्तर देण्याची क्षमता मूडलमध्ये २० वर्षांपूर्वीही होती व आजही आहे. ४.० च्या मांडणीने ती काढून घेतली नाही. फक्त तिच्याकडे जाणारी वाट मुख्य रस्त्यावरून दिसेनाशी केली. पुढील पुनर्रचनेने ती वाट पुन्हा दर्शनी आणावी. आणि तोपर्यंत आपल्या विद्यार्थ्यांना त्या वाटेने नेण्याचे काम शिक्षकांनी करावे, एवढाच या चिकित्सेचा निष्कर्ष आहे.